ताईचा अंगठा

वस्तीतली जुनी माणसं प्राध्यापकांना अजून ‘नमुना’ म्हणतात. तोंडावर ‘सर’, पाठ वळली की नमुना. हे नाव त्यांना शाळेतच चिकटलं. तेव्हा गावात दोन शाळा होत्या, चढावर गोऱ्यांची आणि उतारावर काळ्यांची. वरच्या शाळेनं पहिल्यांदा काळ्यांची मोजकी पोरं घेतली त्यात हे होते, जोडे शिवणाऱ्याचे चिरंजीव. तपासणीला कुणी आलं की हेडमास्तर त्यांना पुढे बोलावत, पाढे म्हणायला लावत आणि पाहुण्यांना सांगत, “हा आमचा नमुना.” पाहुणे टाळ्या वाजवत. पाहुणे गेले की नमुना परत मागच्या बाकावर, फुटक्या खिडकीपाशी. त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. परीक्षेत पहिला आला तरी निकाल वाचताना त्याचं नाव शेवटी घेत. एकदा कुणीतरी त्याच्या दप्तरात मेलेला उंदीर घातला, तर मास्तरांनी नमुन्यालाच छड्या मारल्या, वर्गात घाण आणली म्हणून.

अशा शाळेतून माणूस एक तर मोडून बाहेर पडतो, नाही तर कोडगा होऊन. हे कोडगे झाले. शिकले, इतिहासाचे प्राध्यापक झाले आणि जन्मभर एकच विषय धरून बसले: गोरे, काळे आणि शाळा. कुणाला शिकवलं, कुणाला हाकललं, आणि ते ठरवलं कुणी. विभागातले गोरे सहकारी चहा पिता पिता म्हणत, “तुमचं बरं आहे हो, तुम्हाला पुरावे हुडकत हिंडायला नको. आरशात बघितलं की झालं.” त्यांनी लिहिलं की ते संशोधन, यांनी लिहिलं की गाऱ्हाणं. प्राध्यापकही त्यांच्याबरोबर हसत, आणि हसून झालं की खोलीचं दार लावून आणखी एक प्रकरण लिहीत. खुन्नस ही फार कामाची चीज आहे. तिच्या जोरावर त्यांनी चार जाडजूड पुस्तकं लिहिली.

त्यांच्या दोन गोष्टींचा विद्यार्थ्यांत मोठा बोलबाला होता. एक म्हणजे वाचून दाखवण्याचा नियम. ज्याची हकिगत घेतली त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची. तो ‘काढ’ म्हणाला की काढायची, का म्हणून विचारायचं नाही. “हकिगत त्याची असते, आपण नुसते हमाल,” असं ते सांगत. दुसरी गोष्ट अंगठ्याची. जुन्या काळी खालच्या शाळेतल्या आईबापांनी ‘आमची मुलं इथेच बरी आहेत’ असं लिहून दिलं होतं, ढिगानं कागद होते तसे, आणि सगळ्यांवर अंगठे. गोरे इतिहासकार ते कागद नाचवायचे: बघा, यांना स्वतःलाच नको होतं. प्राध्यापकांनी शोधून काढलं की त्यातली कितीतरी माणसं गिरणीच्या हजेरीपत्रकावर झोकात सही करत होती. मग इथेच अंगठा का? “सही येणाऱ्या माणसाचा अंगठा दिसला,” ते वर्गात टेबलावर बोट आपटून सांगत, “तर समजा, हात दुसऱ्या कुणीतरी धरला होता. तो होकार नव्हे.” हे वाक्य पोरं परीक्षेत जसंच्या तसं लिहून येत.

पण त्यांचं नाव झालं ते चामड्याच्या तुकड्यामुळे. पहिल्या पुस्तकाची सुरुवातच त्यानं होते. वरच्या शाळेत पाठवायची पोरं निवडायची होती तेव्हा वस्तीतली सगळी मुलं एका अंगणात उभी केली, आणि एकेकाच्या हाताच्या पाठीला चामड्याचा तपकिरी तुकडा लावून बघितला. चामड्याहून उजळ असेल तो शाळेत. चामड्याहून काळा असेल तो घरी. हा तुकडा वरच्या शाळेनं पाठवला होता, असं पुस्तकात लिहिलं होतं. बाप गेल्यावर त्याच्या पेटीत तो सापडला, तेव्हापासून काचेत बसवून त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर टांगलेला होता.

आता वरची शाळा सगळ्यांची झाली होती. तिच्या नव्या ग्रंथालयाला प्राध्यापकांचं नाव द्यायचं ठरलं होतं, आणि दारातच तो तुकडा पितळी पाटीसकट बसवायचा होता. पाटीवरचा मजकूर त्यांनीच लिहून दिला होता: या तुकड्याने या शाळेने आमची मुले मोजली. ज्या शाळेत उंदराबद्दल मार खाल्ला, त्या शाळेच्या दारावर आपलं नाव. हे एक झालं की प्राध्यापकांना दुसरं काही नको होतं.

घर ताई चालवायची. ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. प्राध्यापकांची बायको लवकर गेली आणि ताईचं लग्न झालंच नाही. बापाचे हात थरथरायला लागल्यावर दुकान तिनंच ओढलं, भावाचं कॉलेज त्याच दुकानावर झालं. जीभ तिची आरीसारखी, लागली की आरपार. अक्षरं ती भावाच्या पुस्तकांवरून घरच्या घरी शिकली, सही तर त्याच्यापेक्षा वळणदार करायची. रोज सकाळी प्राध्यापक स्वयंपाकघर ते बैठक अशा येरझारा घालत त्या दिवसाचं व्याख्यान मोठ्यानं घोकत, आणि ताई भांडी घासता घासता ऐकत असे. त्या विषयाची पदवी तिला कधीच मिळून गेली असती, पण पदव्या भांडी घासणाऱ्यांना देत नाहीत. भिंतीवरच्या चामड्याची काचही तीच पुसायची, रोज.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शाळेत गेलेल्या एकूण एक माणसाला प्राध्यापकांनी गाठलं. हेडमास्तरांच्या विधवेला गाठलं. शाळेचा शिपाई मरणाला टेकला होता, त्याच्या उशाशी बसून त्याला बोलतं केलं. ताईला मात्र कधी एक प्रश्न विचारला नाही. ती शाळेत गेलीच नव्हती ना. शिक्षणाच्या इतिहासात तिचं काय काम?

विचारलं ते चष्मेवालीनं. ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी, गोऱ्यांच्या घरातली मुलगी, डोळ्यांवर जाड भिंगं. चष्मेवाली हे नाव ताईनंच ठेवलं होतं. प्रबंधाचा विषय प्राध्यापकांनी दिलेला: ज्यांची निवड झाली नाही ती मुलं. मुलगी घरी यायची, सरांना यायला उशीर असला की स्वयंपाकघरात ताईबरोबर चहा पीत बसायची. तिथे काय बोलणं चालतं हे सरांनी विचारलं नाही. बायका गप्पा मारत बसल्यात, एवढंच त्यांना दिसलं.

एके दिवशी विभागातल्या खोलीत तिनं नवं प्रकरण टेबलावर ठेवलं. प्राध्यापक लाल पेन काढून वाचायला बसले. मध्यावर कुठेतरी पेन थांबलं आणि पुन्हा हललं नाही.

“ही कोण बाई?” त्यांनी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

“नाव घातलेलं नाही, सर. तुमच्या नियमाप्रमाणे.”

“वाचून दाखवलंस?”

“दोनदा. एक शब्द काढू दिला नाही त्यांनी.”

“म्हातारं माणूस आहे. आठवणींची खिचडी होते या वयात.”

“मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून वस्तीतल्या आणखी दोघींना विचारलं. त्या अंगणात दोघी होत्या. त्यांनीही हेच सांगितलं.” चष्मेवाली टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होती. “सर, तुकडा वरच्या शाळेनं पाठवला, याचा पुरावा तुम्हाला कधी मिळाला होता?”

“माझ्या वडिलांनी सांगितलं होतं मला.”

“हो,” ती म्हणाली.

त्या एवढ्याशा ‘हो’चा प्राध्यापकांना भयंकर राग आला. दुसऱ्या कुणा विद्यार्थ्यानं ‘बापानं सांगितलं’ असा पुरावा दिला असता तर त्यांनीच त्याला खोलीबाहेर काढला असता. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“पुन्हा एकदा विचारायला हवं. मीच विचारतो. ती नको म्हणाली तर?”

“तर काढीन. त्यांची हकिगत आहे,” चष्मेवाली म्हणाली. “फक्त त्यांच्याकडून तसं लिहून आणा, सर. मला जोडावं लागेल.”

सुटीच्या दिवशी दुपारी ताई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. प्राध्यापक समोर खुर्ची ओढून बसले आणि घसा खाकरला. भर सभेत न अडखळणारा माणूस, बहिणीसमोर त्याला सुरुवात सापडेना.

“ताई, त्या मुलीला तू काहीतरी सांगितलंस.”

“पुष्कळ सांगितलं.”

“ते छापून येणार आहे.”

“येऊ दे की. तुझं नाही का येत?”

“तुला नको असेल तर काढता येतं. तसा नियम आहे.”

“नियम मला माहीत आहे. आधी वाचून दाखवायचं असतं.” ताईनं वाटाण्याचं भांडं बाजूला सारलं. “वाच.”

“तिनं दोनदा वाचलंय ना?”

“तिनं वाचलंय. आता तू वाच.”

प्राध्यापकांनी चष्मा लावला. बहिणीचे शब्द त्यांच्या व्याख्यानाच्या आवाजात बाहेर पडायला लागले.

“‘वरच्या शाळेनं निरोप पाठवला, थोडी पोरं द्या, बघू. कुठली द्या ते नाही सांगितलं. आमच्याच शहाण्या माणसांनी ठरवलं की उजळ पोरं पाठवू, म्हणजे त्यांच्या डोळ्यांत कमी खुपतील. एका घरातून एकच. तुकडा माझ्या बापानं कापला, आमच्याच दुकानातला. आम्ही दोघं भावंडं तुकड्याहून उजळ होतो. मी जास्त. मोजणीच्या आधी भावाला आईनं उन्हात जाऊ दिलं नाही, रोज साबणानं घासून आंघोळ घातली. मला बापानं रंगाच्या टबाशी बसवलं. त्याआधी कधी बसवलं नव्हतं. कातडी काळ्या रंगात बुडवायची आणि उघड्या हातांनी दाबून धरायची. मोजणीच्या दिवशी माझे हात कोपरापर्यंत काळे होते. शहाण्या माणसांनी हाताला तुकडा लावला आणि पुढे गेले. तोंडाकडे कुणी बघितलं नाही, नियम हाताचा होता. तो रंग आहे हे सगळ्यांना दिसत होतं. वासही येत होता. कुणी बोललं नाही. सगळ्यांच्याच घरी एखादा मुलगा होता.’”

प्राध्यापक थांबले.

“पुढे आहे अजून,” ताई म्हणाली.

“‘टबातला रंग महिनाभर निघत नाही. शाळा सुरू झाली आणि मग माझे हात स्वच्छ निघाले. भावाच्या हातांपेक्षा उजळ. तोवर बापानं पुढची कातडी आणून ठेवली होती.’”

त्यांनी कागद मांडीवर ठेवले. पण सवय वाईट असते. इतक्या वर्षांत ज्याची हकिगत ऐकली त्याला पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय ते कधी उठले नव्हते. आताही प्रश्न तोंडातून निसटलाच.

“टबाशी बसायला तुला बोलवायला कोण आलं होतं? बाबा?”

“तू,” ताई म्हणाली. “‘ताई, बाबा बोलावतात, मी शाळेत जाणार, तू नाही जाणार.’ नाचत आला होतास. हे मी तिला सांगितलं नाही. लहान होतास म्हणून सोडून दिलं.”

“मला आठवत नाही.”

“साबण आठवत असेल.”

साबण आठवत होता. पिवळा, डोळ्यांत जाऊन चुरचुरणारा. तो का लावत होते हे त्यांनी आजवर स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, खरोखरीची, कानशिलं तापवणारी लाज. पण लाज एकीकडे आणि ग्रंथालय एकीकडे, ही झटापट काही फार वेळ चालली नाही.

“ताई, हे छापलं तर गोरे काय म्हणतील? म्हणतील, बघा, यांनीच आपल्या पोरींचे हात काळे केले, आमच्यावर कशाला ढकलता. मी जन्मभर जे लिहिलं त्याच्यावर पाणी.”

“म्हणू देत. दार एवढंसं कुणी उघडलं होतं? त्यांनीच ना? पुरतं उघडलं असतं तर अंगणात कोण कुणाला मोजत बसलं असतं? ते लिही की, तू एवढा मोठा प्राध्यापक आहेस. पण माझे हात रंगवले ते बाबांनी. ते गोऱ्यांच्या नावावर खपवू नकोस.”

“त्या दारावर माझं नाव लागणार आहे, ताई.”

एवढं एक मात्र ते खरं बोलले. ताईनं वाटाण्याचं भांडं पुन्हा पुढे ओढलं.

“तू पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय लिहितोस रे, ते अर्पण का काय?”

“‘ज्यांना कुणी विचारले नाही, त्यांना.’”

“चारही पुस्तकांत?”

“चारही.”

“चार पुस्तकं मला दिलीस आणि मलाच सांगितलं नाहीस,” ताई म्हणाली, आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. प्राध्यापक खाली मान घालून वाटाण्याची टरफलं बघत बसले. मग तिनं पदरानं डोळे पुसले. “बरं. काढून टाक. तुझी तडफड बघवत नाही मला. काय लिहायचं ते लिही.”

त्यांनी लगबगीनं कागद घेतला, ‘माझी हकिगत मी परत घेत आहे’ असं लिहिलं आणि पेन तिच्यापुढे धरलं. ताईनं पेन घेतलं नाही.

“पुस्तकांवर शिक्का मारतोस ते शाईचं पॅड आण.”

“पॅड कशाला? सही येते ना तुला?”

“येते. पण मला आपली हाताला रंग लागायची सवय.”

टोमणा वर्मी बसला. पण गरजवंताला अक्कल नसते. बाई कबूल झालीय, तोवर उरकून घ्यावं, एवढंच त्यांना सुचलं. ते धावत जाऊन पॅड घेऊन आले. ताईनं अंगठा शाईत चांगला घोळला, कागदावर ठसठशीत उमटवला आणि वर फुंकर घालून वाळवूनही दिला. प्राध्यापकांनी घडी घालून कागद खिशात ठेवला. त्या दुपारी त्यांना बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी विभागात चष्मेवालीनं घडी उलगडली. ओळ वाचली, मग अंगठ्याकडे बघत राहिली. तिनं पिशवीतून आपला कागद काढला आणि शेजारी ठेवला. हकिगत पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हाचा होकार. त्याखाली ताईची सही होती, वळणदार, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली.

“सर, हा अंगठा त्यांचाच आहे?”

“मग काय माझा आहे?”

“त्यांना सही येते.”

आपलंच वाक्य आता हिच्या तोंडून ऐकावं लागणार, हे प्राध्यापकांना कळलं. मुलगी तेवढी दयाळू निघाली, तिनं वाक्य म्हटलं नाही. तिनं दोन्ही कागद एकत्र टाचले.

“उतारा तसाच ठेवते, सर. हे दोन्ही मागे जोडते. खाली तुमच्या दुसऱ्या पुस्तकातल्या अंगठ्यांच्या प्रकरणाचा हवाला देईन.”

“या प्रबंधाला मी मान्यता देणार नाही.”

“नका देऊ.” टाचलेले कागद तिनं हातातून सोडले नाहीत. “मग का दिली नाही, तेही मला लिहावं लागेल.”

“तिनं मुद्दाम केलंय हे,” प्राध्यापक म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज परक्यासारखा वाटला. “माझं व्याख्यान पाठ आहे तिला. तोंडपाठ.”

“मग तर त्यांना नक्की माहीत असणार, सर,” चष्मेवाली म्हणाली, “त्याचा अर्थ काय होतो ते.”

ते घरी आले तेव्हा ताई बैठकीत स्टुलावर उभी राहून चामड्याची काच पुसत होती. दुसऱ्या दिवशी शाळेची माणसं तो तुकडा न्यायला यायची होती. दारात बुटांचा आवाज झाला तरी तिनं मागे वळून बघितलं नाही.

“घेतला का कागद तिनं?”

“नाही.”

“हुशार आहे पोर. तुझ्याच हाताखाली शिकलीय.”

प्राध्यापक खुर्चीत बसले. बूट काढायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. काचेआडून तो तपकिरी तुकडा त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याच्यापुढे ताईचा हात फडकं घेऊन फिरत होता. तो तुकडा बापानं का जपून ठेवला असेल, हा प्रश्न त्यांना आज पहिल्यांदा पडला.

“उद्या ते लोक येतील, ताई,” ते म्हणाले. “काय सांगू मी त्यांना?”

ताईचा हात थांबला.

“मला विचारतोयस?” ती म्हणाली. “आज?”

ती स्टुलावरून खाली उतरली, फडकं झटकून खिडकीत टाकलं आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं तिनं जेवायला हाक मारली. प्राध्यापक जाऊन बसले. ताईनं ताट पुढे सरकवलं तेव्हा तिचा अंगठा त्यांच्या डोळ्यांसमोर आला, पार नखाच्या कडेपर्यंत काळा.

“साबणानं घासून टाक तो,” ते म्हणाले.

“राहू दे,” ताई म्हणाली आणि त्यांच्या ताटात वाढू लागली. “महिन्याभरात निघतो.”